आवणीतली सभा

तळेघर,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

राखी पाकिटात आहे. माझ्या वर्गातल्या सोनलने जुन्या मोटारीच्या तांब्याच्या तारेची वळली आहे, तेव्हा मशीनवर जाताना काढून ठेव. फिटरला हे मी सांगावं असे दिवस आले.

घरी सगळे खुशाल. आईचा गुडघा चिखलात दुखत नाही, घरात बसली की दुखतो. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. चाकणला तुझ्या कंपनीत माझ्यासाठी नोकरी पाहिली आहेस, त्याचं खाली लिहिते. आधी बातमी ऐक.

आमच्या आयटीआयच्या विद्यार्थी मंडळाला मान्यता मिळाली. तू ज्याला पाना-पक्कड मंडळ म्हणतोस, त्याला. जूनमध्ये फोन ठेवताना तू म्हणालास, "तुमच्या मंडळाला कुत्रं इचारीत न्हाई." कुत्र्याचं मला माहीत नाही, जिल्ह्याच्या कार्यालयाने विचारलं. आता खोली आमची झाली, हत्यारांना अनुदान मिळणार, आणि सुट्टीत आम्ही गावोगाव पंप, स्टार्टर, शाळांचं वायरिंग दुरुस्त करतो त्याची नोंद प्रमाणपत्रावर होणार. मान्यता नसती तर याच महिन्यात आमच्या खोलीत मोडके बाक भरणार होते. बसायला जागा नाही म्हटल्यावर मंडळ किती दिवस टिकलं असतं?

मिळाली कशी, ते वाचून हसशील. पाहणीच्या मॅडम उद्या येणार असं आदल्या संध्याकाळी कळलं, आणि सगळं मंडळ तर आपल्या खाचरात, भाताच्या आवणीला, रोपं लावायला. आवणीला ये म्हटल्यावर जूनमध्ये तू "मजूर लावा" म्हणून मोकळा झालास. बाबांनी मजूर लावले नाहीत, एकटेच उतरले. मला ते बघवेना, म्हणून मी पोरांना बोलावून घेतलं. तर प्राचार्य फोनवर तापले, सगळ्यांना घेऊन सकाळी हजर हो म्हणाले. रोपं उपटून ठेवलेली, अर्धी आवणी टाकून कसं जायचं? मी मॅडमचा नंबर मिळवला आणि सरळ सांगितलं, "मंडळ हजर आहे मॅडम, फक्त खाचरात आहे."

आणि त्या आल्या की. चपला हातात घेऊन बांधावरून आल्या. बोरीकडे भात होत नाही, तिथल्या आदेशने तो आजवर ताटातच पाहिलेला. त्याची ओळ इतकी वाकडी गेली की आईने त्याला चहाच्या किटलीपाशी बसवलं होतं. मॅडमना पहिला तोच भेटला. "मी खजिनदार," असं सांगून त्याने त्यांच्या हातात चहा दिला.

"सभासद फी किती घेता?" मॅडमनी विचारलं.

"फी न्हाई मॅडम, सावड हाय," सोनल चिखलातूनच बोलली. "आज आमी हिच्या रानात. आमच्या घरचं काम निघालं की ही येणार. ज्याचा पंप नीट केला त्याच्याकडनं बी पैसं न्हाई घेत. त्यो आमाला त्याच्या गाडीतनं म्होरच्या गावाला सोडतो."

"आणि कुणी फेडलीच नाही तर?"

सोनल गोंधळली. असं कुणी करत असेल हेच तिला पटेना. शेवटी म्हणाली, "मग त्याला झोप कशी लागंल?"

मॅडम हसल्या आणि सभा घ्या म्हणाल्या. आम्ही पोटरीभर चिखलात उभं राहून सभा घेतली. सगळे ठराव झाले, आणि मग शेवटची अट निघाली. कारखान्यात काम करणारा एक मार्गदर्शक हवा, महिन्यातून एक दिवस येऊन शिकवणारा. कोण आहे?

दादा, मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता.

बाबांनी जूनपासून घरात तुझं नाव काढलं नव्हतं. ते पलीकडच्या खाचरात होते. हातात रोपांची जुडी तशीच धरून म्हणाले, "यील त्यो. ह्या पोरांनी त्याच्या जागी आवणी केलीया. सावड बुडवणारातला न्हाई आमचा ऋतिक." आणि पुन्हा वाकले. आई पदराने तोंड पुसत राहिली. पाऊस होता, तेव्हा कुणाला काही कळलं नाही.

आता नोकरीचं. मी येणार नाही. दुसरं वर्ष पुरं करणार.

तू तुझं आयटीआयचं दुसरं वर्ष माझ्या शिक्षणासाठी सोडलंस. तेव्हा तुला थांब म्हणणारं कुणी नव्हतं, मंडळ तर नव्हतंच. म्हणून तुला आमचा राग येतो, हे मला कळतं आणि त्याचं फार वाईट वाटतं. पण मीही अर्ध्यातून उठले तर तुझं सोडणं फुकट जाईल. ते मी होऊ देणार नाही. तू कितीही रागाव.

यंदा ओवाळणी पाठवू नकोस. हाताची फेड हातानेच होते, हे तुला मी सांगायला नको. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळाची खोली उघडी असते. कारखान्यातलं मोठं मशीन कसं चालतं ते आम्हाला अजून कुणी शिकवलेलं नाही, आणि आदेशला ओळ सरळ कशी लावायची तेही तूच दाखव.

तुझी बहीण,
आणि तू जिथला मार्गदर्शक आहेस त्या मंडळाची अध्यक्ष,
साधना