रिकामा पाट

पिंपरी, गुरुवार, मार्च १९५६

कंपनी सुटल्यावर तडक सायकल मारली. चाकणजवळच्या गावात आज आमच्या प्रार्थना मंडळाची पहिली सामुदायिक प्रार्थना. चावडीपुढे सतरंजी अंथरली, समोर पाट मांडला, नेहमीसारखा रिकामा. आमच्यात मूर्ती नाही, तसबीर नाही, कुणी महाराज नाहीत. सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं आणि शेवटी रिकाम्या पाटाला नमस्कार करायचा, एवढंच. हे समजावून सांगायच्या आत गावचे पाटील आले आणि मोकळा पाट बघून खुशाल त्यावर बसले!

पाट आपल्यासाठीच मांडलाय असं त्यांना वाटलं. त्यात त्यांची काय चूक? पण मी तोंड का उघडलं नाही? प्रार्थना संपली, आणि रिवाजाप्रमाणे सगळे पाटाकडे वाकले. म्हणजे पाटलांपुढे. मीसुद्धा!

निघताना पाटलांच्या शेतावर राबणाऱ्या म्हाताऱ्या धोंडिबांनी विचारलं, "भाऊ, यांच्या म्होरं तर आमी रोजच वाकतो. तुमचं येगळं काय हाय?"

मी पाट सायकलला बांधला आणि निघालो.

पुढच्या गुरुवारी पाट मांडणार, रिकामाच. पाटील आले की उठून त्यांचा हात धरणार आणि त्यांना सतरंजीवर, धोंडिबांच्या शेजारी बसवणार. मग गावानं हाकललं तरी बेहत्तर. धोंडिबांना तोंडी उत्तर द्यायचंच नाही.