ताईच्या झाडांऐवजी भलत्याच झाडांची छाटणी

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत, भाची आणि तिचं बाळ नीट झोपतात का, जावईबापू अजून बाळाला उलटं धरतात का, ते सविस्तर कळव. माझी तब्येत उत्तम (कंबर सोडून, तिचं कारण पुढे येतंच आहे).

भाचीकडे निघताना तू चिठ्ठी ठेवलीस की थंडी सरली की बागेतली जिरेनियम आणि लव्हेंडर छाट, एक तृतीयांश. आता एक तृतीयांश कापायचं की एक तृतीयांश ठेवायचं? मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, पण माप पक्कं झाल्याशिवाय कात्री लावली नाही. म्हणून रोपवाटिकेत गेलो. तिथला माळी म्हणाला, खालचे कोंब बघा आणि त्यांच्या वर कापा, नुसत्या लाकडात कापलंत तर पुन्हा फुटणार नाही. कुंड्या घ्यायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, त्या दरवर्षी सरसकट जमिनीलगत कापतात. मी दोघांचंही लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर कोणतं कुणाचं ते कळेना.

रविवारी सकाळी तुझ्याकडे गेलो. झाडं म्हणजे नुसत्या लांबच लांब तंगड्या, बुडाशी एक पान नाही आणि शेंड्याला चार. त्यात जिवंत कोण आणि गेलेलं कोण, पत्ता लागेना. नखानं साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत, एवढं माळ्याचं लक्षात होतं. तासभर खरवडत बसलो. मग टेप लावून प्रत्येक काडीवर खडूची खूण केली आणि कुणालाच वाईट वाटायला नको म्हणून निम्म्यावर कापत सुटलो. बारा झाडं झाली तेव्हा मनात आलं, ताईकडे तर सातच होती.

मागे तुझ्या शेजारीणबाई उभ्या होत्या (त्या ग्रंथपाल होत्या ना, त्या). त्यांनी हळूच विचारलं, "हे आमचं का कापताय?"

हद्दीच्या विटा पाचोळ्याखाली बुजल्या होत्या, ताई. मी माफी मागायला गेलो आणि तोंडातून निघालं की दुरुस्ती फुकट करून देतो. पण बाई रागावल्या नाहीत. पायरीवर बसल्या. म्हणाल्या, झाडं यजमानांनी लावलेली, ते जाऊन तीन वर्षं झाली. दरवर्षी थंडी सरली की त्या कात्री घेऊन बाहेर यायच्या आणि तशाच आत जायच्या. यजमानांच्या हातचं कापवत नव्हतं.

"विचारलं नाहीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

मग त्यांनी आतून आपली कात्री आणली आणि उरलेली चार आम्ही दोघांनी कापली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी फुटवे बघायला जातो. तेरा झाडं फुटली आहेत. उरलेल्या तिघांबद्दल आमचं दुमत आहे, त्यामुळे बराच वेळ जातो.

बाळाला माझा पापा दे.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या झाडांना अजून हात लावलेला नाही.

आणखी एक ता. क. परवा फाटकाशी त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीही याल ना?" हे छाटणीबद्दल होतं की आणखी कशाबद्दल? विचारताना झाडाकडे बघत होत्या. तुझी भावजय जाऊन अकरा वर्षं झाली, मला असली वाक्यं उलगडेनाशी झाली आहेत. उलट टपाली कळव, कारण मी हो म्हणून बसलोय आणि आज त्यांनी त्यांच्या फाटकाची एक किल्ली माझ्यासाठी करून आणली.