जलजक्काच्या दारावरची खूण

११ जानेवारी
मैसूरला परतले. बुटांतून अजून वाळू निघतेय. समुद्र चढत येणार, तर त्या किनाऱ्यावरच्या शहराने पुढे कसं राहायचं याचा आराखडा. आणि तो करणार आम्ही, इथल्या गोकुलम भागातल्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर बसून, जिथून समुद्र सहा-सात तासांवर. असो. मोजणी पुरी झाली. कोळीवाड्यातली सगळी घरं आणि शेजारचा हॉटेलवाल्यांचा मोकळा प्लॉट. पाणी दोन्हीकडे सारखंच चढतं.

वेळ गेला तो जलजक्कापायी. वस्तीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. भरतीचं पाणी घरात कुठवर आलं ते अंगावर हात लावून दाखवतात, गुडघा, मांडी. पण दाराच्या चौकटीवर खूण करू देत नाहीत. खूण केली की समुद्र ती शोधत परत येतो म्हणे. दोन दिवस तिच्या ओसरीवर बसून मासे साफ केले. शेवटी म्हटलं, "अक्का, पाणी येतं हे कागदावर आलं तरच इथे बांध होईल. माझा शब्द." तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि स्वतः रेघ ओढली. मग बाकीच्यांनी.

१३ जाने.
अण्णांना नकाशा दाखवला. ऑफिस त्यांचं, आणि पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या कामावर त्यांचं लाल पेन चाललं नाही. "चन्नागिदे मा, छान झालंय. दोन्हीकडे बांध दाखवू." मूळ फाईल मागितली, दिली. घरी येताना मोगऱ्याचा गजरा घेतला. कारण काही नाही.

१ फेब्रुवारी
अण्णा जेवायला. आईचं नेहमीचं, "इन्नू स्वल्प घ्या, अण्णा, थोडंसंच, तुम्ही काही खाल्लंच नाही." ते बाबांच्या शिलाई मशीनकडे बघत बसलेले. जाताना म्हणाले, "मंजू, तू कामाला फार जीव लावतेस." मी आपली दिवसभर फुलून.

९ फेब्रु.
अंतिम आराखडा छापून आला.

धोक्याची रेघ माझीच. कोळीवाड्यातून जाते ती जशीच्या तशी. हॉटेलच्या प्लॉटपाशी मात्र वळसा घेते, पाव्हण्याला वाट सोडावी तशी. जमीन सुरक्षित ठरली म्हणून प्लॉटला बांध. वस्तीला 'स्थलांतर', आणि खाली बारीक अक्षरात, 'रहिवाशांनी स्वतः दाखवलेल्या खुणांनुसार'. तळाशी मोजणी करणारीचं नाव. माझं.

अण्णांच्या टेबलापुढे उभी राहिले. बसले नाही.
"बांध एकाच ठिकाणी मिळणार होता, मा. वरून सांगितलं. आणि तू खोटं काय लिहिलंस? पाणी येतंच की त्यांच्या घरात."
नकाशात प्लॉटवर पाणी दाखवणाऱ्या माझ्या खुणा?
"काढल्या."
कधी?
"मागच्याच महिन्यात."

म्हणजे आमच्याकडे जेवले तेव्हा हे झालेलं होतं. केसाने गळा कापला, आणि वर दोनदा चित्रान्न वाढून घेतलं.

१० फेब्रु.
ऑफिसला गेले नाही. आई म्हणे, "भांडलीस काय? वडिलांसारखे आहेत ते, बिडु मा, सोडून दे." मग सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. नंतर एकदम, "मत्ते, मग त्या बाईला काय सांगितलंस?"

काहीच नाही अजून. अण्णांवर चिडणं सोपं आहे. जलजक्काला शब्द अण्णांनी दिला नव्हता.

१४ फेब्रु.
जलजक्काला चार दिवस टाळलेला फोन केला. सगळं सांगितलं. मागे कुणीतरी वाळत्या माशांवरून कावळे हाकलत होतं. माझं संपल्यावर म्हणाली, "समुद्र येतो तेव्हा आवाज करतो, मा. तू माझ्या ओसरीवर बसून आलीस."
फोन ठेवला. तिने, मी नाही. खूप रडले. तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, कोण जाणे.

१९ फेब्रु.
आज तिचाच फोन. चोवीसला आराखड्यावर सुनावणी. वस्तीने सगळ्या चौकटी धुऊन रंगवल्या.
"पाणी येत नाही, खूण कुणी केलीच नाही, असं आम्ही सांगणार. तुला सगळ्यांसमोर विचारणार, माझ्या दारावर काही पाहिलंस का. तू इल्ला म्हण. नाही म्हण. एवढं तरी कर."
मी म्हटलं, मूळ नकाशाची प्रत आहे माझ्याकडे, प्लॉटवरही पाणी येतं हे दाखवते.
"त्याने त्यांचा बांध जाईल. आमची घरं राहतील?"
मी उलट विचारलं, "आणि अक्का, पाणी आलं तर?"
"ते आम्ही बघू. ते काय आज येतंय?"

२२ फेब्रु.
अण्णांचा निरोप: 'विचारलं तर खरं तेच सांग. मी तुला तेच शिकवलं.' कुंपणाने शेत खायचं आणि वर राखणीचे धडे द्यायचे. फोन भिंतीवर मारावासा वाटला. मारला नाही, हप्ते बाकी आहेत.

२३ फेब्रु.
दुपारची बस. प्रत पिशवीत घातली, काढली, घातली.

खरं बोलले तर वस्ती उठते. इल्ला म्हटलं तर वस्ती राहते; पण मग तिथे पाणी येतं हे कुठल्याच कागदावर उरणार नाही, आणि बांध कुणी कधीच मागू शकणार नाही. जलजक्काची नात जमिनीवर झोपते, पाणी आधी तिलाच गाठेल. प्रत दाखवली तर फक्त माझा राग शमतो. आणि नोकरी जाते, ते एक.

आईने विचारलं, काय सांगणार. बसमध्ये ठरवीन म्हटलं. तिने डबा भरला, दोघींपुरता. "त्या बाईला पण दे."

सुनावणीच्या आधी देऊ की नंतर?