भुसभुशीत तळ

४ फेब्रुवारी
लेक पाण्यातल्या झाडांची काचेची टाकी ठेवून गेली. घमेल्याएवढीच. "घरात रंगकाम आहे बाबा, महिन्याने नेईन. जुना तळ कुजला, नवा तुम्ही करा. झाडं जगली पाहिजेत हं!" लग्न झाल्यापासून तिने पहिल्यांदाच मला काम सांगितलं!

५ फेब्रुवारी
माशांच्या टाक्या विकणारा दुकानदार निळे-गुलाबी खडे दाखवत होता. नको. घरी संगमरवराचे तुकडे उरलेत, ते चालतील का? "नाही काका, त्यातला चुना उतरून पाणी जड होतं." मग ठरलं — खाली चाळलेली माती, वर जाडसर वाळू. थापीने चोपून चोपून बसवली. लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध! गवंडीकाम सोडलं, पण हात अजून तोच आहे. माझी एकही फरशी कधी खचली नाही!

११ फेब्रुवारी
पाती पिवळी. दोन झाडं आडवी.

१२ फेब्रुवारी
टाकीला घाण वास. मुळं काळी. ही म्हणाली, "अहो, झाडं लावलीत की स्लॅब टाकलात?" दुकानदार फोटो पाहून हसला — "काका, एवढं दाबल्यावर मुळांनी शिरायचं कुठून?" रागच आला. उभ्या आयुष्यात मला कमी दाबा म्हणणारा हा पहिलाच!

१३ फेब्रुवारी
सगळं उपसलं. माती बोटभर, नुसती भुरभुरली. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतली. हात सारखा थापीकडे जात होता — हिने ती लपवली! वाचलेली रोपं चिमटीने खोचली. वाळूवर बशी ठेवून पाणी तिच्यावर ओतलं, म्हणजे वाळू उडत नाही. वर-खाली झालाय तळ. राहू दे.

२ मार्च
नवी पाती! काचेला डोळा लावला तर पांढरीशुभ्र मुळं वाळूतून थेट मातीत उतरलेली. शेजारी, दूधवाला, जो येईल त्याला दाखवतोय. "नात झाल्यासारखे मिरवताय," ही म्हणते. मिरवणारच! एवढे बंगले बांधले, पण पाया बघायला कुणाला बोलावलं नव्हतं.

८ मार्च
लेक आली. टाकीपुढे बसूनच राहिली. थर न हलवता टाकी कशी न्यायची, ते मी समजावत होतो. म्हणाली, "न्यायची नाहीये बाबा. रंगकाम नव्हतंच. मी परत जाणार नाही तिकडे."
ही काही विचारणार, तेवढ्यात मी खुणेनेच थांबवलं. गाडीतून बॅगा आत आणल्या.