बारीक बोटांचं काम

सोमवार, ३ मार्च

नाहीच दिली. सुपरवायझरची खुर्ची स्टोअरवाल्याला गेली.

सतरा वर्षं मी या टेबलावर. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसणारं यंत्र, त्यातली केसाएवढी तार, ती भिंगाखाली धरून डाख द्यायचा. दिवसभर हेच. स्टोअरवाल्याने आयुष्यात फक्त खोकी रचली. उद्यापासून तो मला सांगणार, हात कसा धरायचा!

मॅनेजरसाहेबांकडे गेले. "बसा" म्हणाले, तिथेच कळलं की काही देणार नाहीत. "अहो, बायकांची बोटं बारीक. हे काम पुरुषाला जमतच नाही. खुर्चीत बसवून तुमचे हात वाया घालवू का मी?"

म्हणजे काम चांगलं करते म्हणून वर जायचं नाही. वाईट केलं असतं तर केव्हाच हाकललं असतं. आणि मी काय म्हणावं? "आभारी आहे साहेब." आभारी! माझं मलाच हसू आलं, मग आलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

यांना सांगितलं. "बरं झालं, डोक्याला ताप नको," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. लेक मात्र वहीतून मान वर काढून माझ्याकडे बघत राहिली. तेच जास्त लागलं.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. प्रत्येकीला एकेक गुलाब. भाषण स्टोअरवाल्याचं. ते लांबलं म्हणून जेवणाची सुट्टी दहा मिनिटं कमी.

सोमवार, १० मार्च

कंपनीच्या मूळ कारखान्यातून एक बाई आली आहे. दोन समुद्र ओलांडून! आठवडाभर आमच्या टेबलाशी बसणार. कशाला, ते कोणी सांगत नाही. "पाहणी," एवढंच.

पन्नाशीची असेल. उंच, केस पांढरे होत आलेले, पाठ जरा वाकलेली. पाठ बघूनच मावशी माझ्या कानात म्हणाली, "साहेबीण नाही गं ही. आपल्यातलीच आहे." मावशी टेबलावरची सगळ्यात जुनी, तिची नजर आता अधू झाली आहे, पण माणूस बरोबर ओळखते. पाहुणीने हात पुढे केला तर अंगठ्यावर डाखाचे चटके. आम्हा सोळाजणींच्या आहेत तिथेच.

तिला आमची भाषा येत नाही. ती फोनात बोलते, फोन आम्हाला सांगतो. पण काय ती भाषा! "आपल्या अंगुली अत्यंत निपुण आहेत." सगळ्याजणी खुदकन हसलो. तीही हसली, का ते न कळता.

बुधवार, १२ मार्च

डोकं भणाणलंय.

जेवताना तिने तिच्याकडच्या टेबलाचा फोटो दाखवला. तेच भिंग, तीच तार, तेच स्टूल. आणि त्यावर बसलेले सगळे पुरुष! बावीस. दाढीवाले, टक्कलवाले, एकाचा पंजा तर ताटलीएवढा. कोपऱ्यात ही एकटी.

मी विचारलं, "बायका कुठे आहेत?" फोनने सांगितलं, बायका पॅकिंगला. हे काम नाजूक आहे, बायकांचं लक्ष टिकत नाही, असं तिकडचे साहेब म्हणतात.

मावशीने घास खाली ठेवला. "आणि इथे सांगतात, पुरुषांना जमतच नाही!"

फोनने ते तिला सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने तिचं ओळखपत्र दाखवलं. तिकडे हे काम करणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणतात. माझ्या ओळखपत्रावर मदतनीस. कोणाची मदतनीस? सतरा वर्षांत विचारायचं सुचलंच नाही.

पगाराचं तिने विचारलं नाही. मीही नाही. दोघींनी एकदमच पाण्याचा पेला उचलला.

गुरुवार, १३ मार्च

पाहुणी नऊ वर्षं पॅकिंगला होती. टेबल मागितलं, नाही म्हणाले. तक्रार केली, वर्षभर भांडली, तेव्हा कुठे कोपऱ्यातलं स्टूल मिळालं. त्यानंतर दोन वर्षं शेजारचा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आता बोलतो. "त्याला चष्मा लागला. बारीक तार मी बसवून देते," म्हणाली.

मावशीने विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?" तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग आम्ही सगळ्यांनी. यासाठी फोन लागला नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज तिने वही आणि घड्याळ काढलं. तासाला किती यंत्रं होतात ते मोजायचं. "नेहमीसारखं करा," दोनदा सांगितलं तिने. फोननेही दोनदा.

पण आम्ही ऐकतोय कशाला! बावीस पुरुषांचा फोटो डोळ्यांसमोर. मावशी म्हणाली, "दाखवू या गं त्यांना." मीही सगळ्यांना खूण केली. पाणी प्यायला कोणी उठलं नाही. ट्रेमागून ट्रे भरत गेले. मान मोडली, डोळ्यांची आग आग झाली, पण असं काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं! माझ्या हाताखालून एकही वाकडी तार गेली नाही.

संध्याकाळी तिने आकडे दोनदा तपासले. "रोज इतकं होतं?"

"याहून जास्त," मी म्हटलं. खोटंच.

ती वही मिटून बराच वेळ बसून राहिली. थकली असेल बिचारी, वाटलं मला.

शनिवार, १५ मार्च

गेली. जाताना माझे दोन्ही हात हातात धरले. फोनात काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि फोन पिशवीत टाकला.

बुधवार, १९ मार्च

धीर करून साहेबांना म्हटलं, "तिकडे हेच काम पुरुष करतात. बावीसजण. मग बारीक बोटांचं काय?"

जरासुद्धा न अडखळता म्हणाले, "तिकडचे पुरुष वेगळे हो."

घरी यांना सांगितलं. हसतील वाटलं होतं. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "मला शिकवशील?" थट्टा केली की खरंच, कळलं नाही. भाजी चिरायला दिली. चिरली.

बुधवार, २ एप्रिल

डोळे चुरचुरतात. लिहवत नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

साहेबांनी स्वतः बोलावलं. तिकडचं टेबल बंद केलं. बावीस पुरुष आणि ती, सगळ्यांना घरी पाठवलं. ते सगळं काम आता आमच्याकडे येणार. इथे दुसरी पाळी सुरू होणार, तिची सुपरवायझर मी.

"त्या बाईंनी नेलेले आकडे बघून वरच्यांनी निर्णय घेतला," साहेब खुशीत होते. "काय हात दाखवलेत हो तुम्ही!"

"तिला माहीत होतं? कशासाठी मोजतेय ते?"

"म्हणजे काय! सांगूनच पाठवलं होतं."

नेमणुकीचं पत्र समोर सरकवलं. मी सही केली.