पात्यावरचे थेंब

पाटोदा, आश्विन शुद्ध द्वादशी, रात

दसऱ्यानंतर आज पहिल्यांदा करवत धरली, तर ती दगडावरनं नुसती घसरायला लागली. कचेरीच्या पायरीची लादी उद्या सकाळी बैलगाडीत चढवायची. तहसीलदारसाहेबांना शब्द दिलाय, आन् दुपारपर्यंत नखाएवढी खाच पडंना!

आमची करवत बिनदाती. लोखंडी पातं ओढायचं, खाली वाळू-पाणी सोडायचं. कापते ती वाळूच. म्हणून आधी वाळूला शिव्या दिल्या, दोनदा बदलली. मग पलीकडून ओढणाऱ्या मेव्हण्याला, सखारामला. "जोर लाव बे, पाहुणा म्हणून आलास का?" बिचारा आणखी जोरानं ओढायला लागला.

पात्यावर पाण्याचे थेंब मोत्यागत उभे होते. मला सकाळीच दिसले होते. पसरायचं सोडून असे उभे का, हे डोक्यात आलं न्हाई.

शेवटी सखाराम हळूच बोलला, "दाजी, खंडेनवमीला हत्यारं पुजताना तुमी पात्याला तेल लई चोपडलंय. वाळू ठरतच न्हाई."

"मग सकाळीच कावून सांगितलं न्हाईस?"

"पूजेचं तेल पुसा म्हनून कसं सांगू?"

राखेनं पातं घासलं. मुठीजवळचं कुंकू तेवढं राहू दिलं. थेंब मोडून पाणी पसरलं, वाळू धरली, करवत खरखर बोलायला लागली. दिवेलागणीला लादी सुटली.

एवढी भक्ती माझीच, आन् बोलणी खाल्ली त्यानं. म्हणून आत्ता जेवताना सखारामच्या चटणीवर तेलाची धार मीच धरली.

"बेतानं, दाजी," तो म्हणाला.