वैरागर बँडची वाटणी

मी, यशया इसहाक वैरागर, वय वर्षे त्रेसष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वी मिशन शाळेत मास्तर व नंतर बँडवाला, राहणार मौजे बोरपिंपळ, तालुका नेवासे, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहितो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. चार ओळी लिहिल्या की भिंतीला टेकावे लागते. कोणी जबरदस्ती केलेली नाही. कोण करणार, आणि कशासाठी?

१. राहते दोन खणांचे घर, दारची शेळी व पोस्टात जे असेल ते माझी पत्नी हन्ना हिचे. आम्हांस मूलबाळ नाही. तिने एकवीस वर्षे बँडवाल्यांसाठी भाकरी थापल्या. तिला कोणी घराबाहेर काढू नये.

२. बँडचे पितळी कॉर्नेट कृपादानला. तो नगरच्या छावणीत पलटणीच्या बँडमध्ये शिकला. सूर कागदावरून वाचतो, पण वरातीतही त्याचा पाय कवायतीचाच. नवरदेवाचा घोडा मागे आणि हा पुढच्या वेशीत! बाबा कृपादान, आता तरी सावकाश चाल.

३. साइडड्रम व मोठा ढोल मच्छिंद्रला. तो तमाशाच्या ढोलकीवर वाढलेला. मिशनमधल्या लग्नातही त्याचा हात लावणीकडे वळायचा आणि पाळकसाहेब माझ्यावर डोळे वटारायचे. मी त्याला सगळ्यांदेखत झापायचो आणि वाटेत म्हणायचो, "लई झकास वाजिवलंस." पाळकसाहेबांनी हे वाचले तरी आता हरकत नाही.

४. मी स्वतः शिकलो ते उपासनेतल्या पेटीवर आणि ख्रिस्ती कीर्तनात मागे उभे राहून. माझी पेटी शाळेला द्यावी. तिची काळी चार अडकते. मुलांना आधी सांगावे, नाहीतर बिचारी मार खातील.

५. लाल कोट कसरीने खाल्ले आहेत. कोणी मागितले तर द्यावेत, नाहीतर गोधडीला लावावेत. माझ्या मातीला बँड नको. फार ऐकला.

६. क्लॅरोनेट भीमा खंडू वैरागर यास. खरे तर या कलमासाठीच लिहायला बसलो. भीमा माझा चुलतभाऊ. आमच्या घराण्यात सनई. माझे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा आमची सनई सुटली. त्याच्या वडिलांनी धरून ठेवली. सनईचाच दम त्याने क्लॅरोनेटला लावला. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस श्वास घेतच नाही. बँडला नाव माझे होते, सुपाऱ्या त्याच्यामुळे येत. हे मी त्याला कधी बोललो नाही.

सन १९३९च्या वैशाखात पाथर्डीकडे एका पाटलाच्या घरी लग्न होते. जेवणाच्या वेळी पाटील म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुमचं पान ओसरीवर मांडलंय. ह्यांचं गोठ्यापाशी धाडतो." आम्ही सगळे एकच, एवढे तीन शब्द बोलायचे होते. बोललो नाही. उठून ओसरीवर गेलो. भूक फार लागली होती असे आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. ओसरीवर बसायला मिळाले याचा मला आनंद झाला होता. माझा भाऊ गोठ्यापाशी शेणात बसला आणि मी पोळीवर तूप वाढून घेतले.

भीमा न जेवता उठला. क्लॅरोनेट माझ्यापुढे पायरीवर ठेवले. "पोळी गोड हाय का, मास्तर?" एवढे बोलून तो पायी गावाकडे निघाला. त्यानंतर तो बँडला आला नाही, माझ्याशी बोललाही नाही. मीही त्याच्या दारी गेलो नाही. लाज वाटायची, तिला मी मान म्हणत राहिलो.

७. येथवर लिहून झाल्यावर कृपादानला पाठवून भीमाला बोलावले. आठ वर्षांनी आला. उंबऱ्याबाहेरच बसला. हन्ना म्हणाली, "भावजी, आत या की." तो म्हणाला, "हितंच बरा हाय, वैनी." मी सगळे वाचून दाखवले.

"गोठ्याचं बी लिव्हलंस?"

"लिहिलंय."

"मंग अंगठा कुटं करू?"

मी त्याला समजावले. नेवाशाचे वकील म्हणतात, ज्याला वस्तू दिली त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर वस्तू जाते. म्हटले, "तू वस्तू घे. साक्षीला दुसरा माणूस आणतो."

"बाजा ऱ्हाऊ दे तुझा. तू हे लिव्हलंस ना, त्याच्याखाली माजा अंगठा पायजे."

"अरे, वेडा का तू? असा बाजा तालुक्यात नाही."

"ठावं हाय. आनि म्या माफ केलं असं लिव्हू नगंस. न्हाई केलं."

म्हणून तसे लिहीत नाही.

सबब कलम सहातली देणगी रद्द, बाकी मजकूर कायम. क्लॅरोनेट हन्नाजवळ राहील. ती पुढे ते कोणाला देईल, यावर माझा हुकूम नाही. आता मी थकलो.

मुक्काम बोरपिंपळ, ता. १४ फेब्रुवारी १९४७.

लिहून ठेवणार : यशया इसहाक वैरागर (सही)

साक्षीदार :

कारभारी आप्पाजी गव्हाणे, शेतकरी, शेजारी (सही)

भीमा खंडू वैरागर, धंदा वाजंत्री. डाव्या हाताचा अंगठा. वरील मजकूर दोनदा वाचवून घेतला. गोठ्याची ओळ तिसऱ्यांदा वाचायला लावली, मग अंगठा केला.